पाहणाऱ्याची सावली

जेन गुडॉल यांचे ‘इन द शॅडो ऑफ मॅन’ हे पुस्तक १९७१ साली प्रसिद्ध झाले. टांझानियात टांगानिका सरोवराच्या काठी गोंबेचे जंगल आहे. तेथील चिंपांझींच्या सहवासात घालवलेल्या पहिल्या दशकाची ही हकीकत. २०२५ साली गुडॉल यांचे निधन झाले. त्यानंतर हे पुस्तक पुन्हा वाचताना आम्हाला एक प्रश्न महत्त्वाचा वाटला : निरीक्षक जंगलात शिरला, की जंगल पूर्वीसारखे राहते का?

प्रथम पुस्तकाचे गुण पाहू. गुडॉल जुलै १९६० मध्ये गोंबेला पोहोचल्या. सुरुवातीचे कित्येक महिने चिंपांझी त्यांना दुरून पाहताच पळून जात. मग त्या टेकडीवरच्या एका उंच जागी दुर्बीण घेऊन दिवसचे दिवस बसू लागल्या. हे निष्फळ दिवस त्यांनी यशाइतक्याच मोकळेपणाने लिहिले आहेत. आपली पाठ्यपुस्तके शोध सांगतात, त्यामागचे वाट पाहणे सांगत नाहीत. शिक्षकांना ही पाने म्हणूनच मोलाची वाटतील.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना डेव्हिड ग्रेबिअर्ड हा नर वाळवीच्या वारुळात गवताची काडी घालताना दिसला. काडीला चावून लटकलेली वाळवी तो ओठांनी टिपून खात होता. पुढे चिंपांझी डहाळीची पाने ओरबाडून तिची अशी काडी करतात, हेही दिसले. हत्यार घडवणे हे केवळ माणसाचे लक्षण, या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला.

प्राण्यांना क्रमांक न देता फ्लो, फिफी, माईक अशी नावे दिली, म्हणून गुडॉल यांच्यावर टीका झाली. आमच्या मते तो दोष नव्हे. आई आणि पिले यांचे नाते वर्षानुवर्षे अभ्यासायचे, तर प्रत्येक प्राणी वेगळा ओळखता यायलाच हवा. मात्र ‘दिसले’ आणि ‘वाटले’ यांमधली रेघ काही ठिकाणी पुसट होते, हे मान्य केले पाहिजे.

खरी अडचण केळ्यांची आहे. चिंपांझी छावणीत येऊन केळी नेऊ लागले, तेव्हा गुडॉल यांनी त्यांना नियमित केळी देणे सुरू केले. त्यामुळे जवळून निरीक्षण शक्य झाले. पण एरवी लहान टोळ्यांत विखुरणारे प्राणी एके ठिकाणी गर्दी करू लागले आणि भांडणे वाढली. माईकचेच उदाहरण घ्या. छावणीतले घासलेटचे रिकामे डबे आपटत, इतर नरांवर चाल करून तो प्रमुख नर झाला. युक्ती माईकची खरी, पण डबे माणसाचे!

पुस्तक निघाल्यानंतर हा प्रश्न अधिक गंभीर झाला. १९७४ ते १९७८ या काळात कासाकेला गटातील नरांनी, आपल्यातूनच फुटलेल्या कहामा गटातील चिंपांझींना एकेकटे गाठून प्राणघातक हल्ले केले; तो गट संपुष्टात आला. ही हिंसा केळ्यांमुळे तर उद्भवली नाही ना? मार्गारेट पॉवर यांनी १९९१ मध्ये तसे प्रतिपादन केले. याचे उत्तर एकट्या गोंबेत मिळणे कठीण होते, कारण तुलनेसाठी केळ्यांवाचूनचे दुसरे गोंबे नव्हते. २०१४ मध्ये मायकेल विल्सन व सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील १८ चिंपांझी समूहांची माहिती एकत्र तपासली. कित्येक समूहांना माणसाने कधीच खाऊ घातले नव्हते. हत्यांचा संबंध माणसाच्या हस्तक्षेपाशी जुळला नाही. नरांची संख्या आणि वस्तीची दाटी यांच्याशी जुळला. शंका दूर झाली, पण ती रास्त होती. गोंबेतही केळी देणे हळूहळू कमी करत अखेर बंद करण्यात आले.

गुडॉल यांनी केळ्यांची गोष्ट लपवली असती, तर ही शंका कोणाला घेताच आली नसती. या पुस्तकाचे शास्त्रीय मोल आम्हाला येथे दिसते. त्यात आकडे आणि तक्ते शोधू नयेत. त्यासाठी त्यांचा १९८६ चा ‘द चिंपांझीज ऑफ गोंबे’ हा ग्रंथ आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना मात्र केळ्यांविषयीचा भाग जरूर वाचायला द्यावा. मग वहीत तीन रकाने आखून घ्यावेत : काय दिसले, काय वाटले, आणि आपण तेथे असल्यामुळे काय बदलले असेल. तिसरा रकाना भरणे सर्वांत अवघड जाईल.