औषधांना न जुमानणारा विषाद : दोन तुलनांचे परीक्षण

दोन निरनिराळी औषधे पुरेशा मात्रेत व पुरेसा काळ देऊनही ज्याला उतार पडत नाही, त्या विषादास औषधरोधी म्हणण्याचा परिपाठ आहे. तीव्र विषादाच्या रुग्णास विद्युत्-उपचार द्यावा की केटामाइन, या प्रश्नावर अलीकडील दोन प्रयोगांनी परस्परविरुद्ध कौल दिल्यासारखे वाटते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश प्रयोगात विद्युत्-उपचाराने ६३ टक्के, तर केटामाइनने ४६ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. २०२३ च्या अमेरिकन प्रयोगात मात्र केटामाइनला ५५.४ व विद्युत्-उपचारास ४१.२ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला.

हा विरोध बव्हंशी वरवरचा आहे. स्वीडनमधील रुग्ण इस्पितळात दाखल झालेले होते; त्यांत भ्रमादी लक्षणे असलेलेही होते, आणि औषधरोध ही प्रवेशाची अट नव्हती. अमेरिकेतील रुग्ण औषधरोधी होते, पण बहुतेक बाह्यरुग्ण, व भ्रमग्रस्तांना त्यांत स्थान नव्हते. शिवाय एकीकडे ‘लक्षणमुक्ती’ मोजली, ती चिकित्सकाने. दुसरीकडे ‘लक्षणे निम्म्याने घटणे’ मोजले, तेही रुग्णाच्या स्वतःच्या उत्तरांवरून. अमेरिकन प्रयोगात विद्युत्-उपचाराच्या वाट्यास आलेल्या २०३ जणांपैकी ३३ जणांनी तो सुरूच केला नाही. केटामाइनच्या २०० पैकी असे पाचच होते. कोणता उपचार मिळणार हे रुग्णास ठाऊक असता त्याचे भय व त्याची आशा आकड्यांत उतरणारच. तेव्हा या प्रयोगांवरून एक उपचार सर्वत्र श्रेष्ठ ठरवणे सयुक्तिक नव्हे.

दुसरी उणीव काळाची आहे. स्वीडनमध्ये बरे झालेल्यांपैकी वर्षभरात विद्युत्-उपचाराच्या गटात ६४ व केटामाइनच्या गटात ७० टक्के रुग्णांचा विकार उलटला. उतार पडणे आणि उतार टिकणे हे दोन वेगळे प्रश्न होत.

जळगाव-धुळे महामार्गावरील एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी ही तुलना लावून पाहिली म्हणजे तिसरा प्रश्न पुढे येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल व स्नायुशिथिलक यांवाचून विद्युत्-उपचार देता येत नाही. म्हणजे भूलतज्ज्ञ हवा. चुंबकीय उत्तेजनाचा उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो असे धरले, तरी आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जाणे-येणे घडते. मजुरी बुडवून व सोबतीला माणूस घेऊन अशा वीस-तीस खेपा कितीजणांना साधतील? लिथियमची जोड स्वस्त खरी, पण रक्तातील तिचे प्रमाण वारंवार तपासावे लागते.

म्हणून क्रम असा लावणे युक्त दिसते : औषध खरोखर पुरेशा मात्रेत व नियमाने घेतले गेले काय, अवटुग्रंथीचा दोष वा पूर्वी उन्मादाचा झटका आला होता काय, हे आधी पाहावे, कारण पुष्कळसा ‘औषधरोध’ अपुऱ्या उपचाराचाच दुसरा अवतार असतो. औषधासोबत बोधात्मक मानसोपचाराची जोडही उपेक्षणीय नाही : ४६९ रुग्णांच्या २०१३ मधील ब्रिटिश प्रयोगात सहा महिन्यांनी या जोडीने ४६ टक्क्यांना गुण आला, एरवीच्या उपचाराने २२ टक्क्यांना. मात्र ज्याने अन्नपाणी टाकले आहे, ज्यास भ्रम होतात अथवा ज्याच्या जिवास स्वतःपासूनच धोका आहे, त्याच्या बाबतीत हा क्रम सोडून विद्युत्-उपचाराची सोय असलेल्या इस्पितळाकडे तत्काळ वळले पाहिजे. तेथे विलंब हाच सर्वांत घातक पर्याय होय.