‘पती’ या शब्दाचा भार

इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील दांपत्यविषयक उताऱ्याची चर्चा बहुधा बाविसाव्या वचनापासून सुरू होते आणि ‘अधीन’ या शब्दाभोवती फिरत राहते. प्रचलित मराठी भाषांतरापुरता अधिक मूलगामी प्रश्न मात्र ‘पती’ या शब्दाचा आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘आनेर’. त्याचा अर्थ पुरुष, संदर्भाने नवरा. स्वामित्वाचा अर्थ आहे तो ‘किरिऑस’ म्हणजे प्रभू या शब्दात. तेव्हा ग्रीक संहितेत दोन भिन्न कोटींतील नात्यांची तुलना आहे. मराठीत ‘प्रभू’ आणि ‘पती’ (भूपती, सेनापती) हे दोन्ही शब्द धनीपणाचेच वाचक असल्याने ती तुलना जवळजवळ पुनरुक्ती ठरते, आणि पतीला दैवत मानणारी पातिव्रत्याची संहिता न बोलावता उताऱ्यात येऊन बसते. नांदेड-लातूरकडे नवऱ्याचा निर्देश पुष्कळदा ‘मालक’ असाच होतो; तेथील वाचकाला यात काही खटकण्याचेही कारण उरत नाही.

‘पपायरस ४६’ आणि व्हॅटिकन हस्तलिखित या प्राचीन साक्षींत बाविसाव्या वचनाला स्वतंत्र क्रियापदच नाही. ते एकविसाव्या वचनातून घ्यावे लागते, आणि तेथे परस्परांच्या अधीन होण्याची आज्ञा सर्वांनाच आहे. पुढे मुलांना व दासांना उद्देशून योजलेले आज्ञापालनाचे क्रियापद पत्नीसाठी आलेले नाही. पतीवर मात्र आत्मार्पणाचे दायित्व आहे. पातिव्रत्याच्या चौकटीत त्याला जोड सापडत नाही. एकपत्नीव्रत हे संख्येचे व्रत आहे, समर्पणाचे नव्हे.

रूढ भाषांतरातील संस्कृत शब्दांबरोबर हिंदू धर्मकल्पनाही आत येतात, हे पंडिता रमाबाईंनी ओळखले होते. १८८२ साली ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिणाऱ्या याच विदुषीने पुढे हिब्रू व ग्रीक शिकून सामान्य स्त्रियांसाठी सोप्या मराठीत बायबल उतरवले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पूर्णपणे छापून झाले. त्यांचा भाषांतरविचार हा स्त्रीवादी टीकाविचारही होता, याकडे आपल्या समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

तथापि ‘पती’च्या जागी ‘नवरा’ घातल्याने पितृसत्ता विरघळते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:६) सारा अब्राहामाला ‘किरिऑस’च म्हणते, आणि तेथे दोष भाषांतरकाराचा नाही.