समृद्धीचे माप आणि कूटदन्त सुत्त

2047पर्यंत भारत विकसित राष्ट्र व्हावा, असा संकल्प शासनाने घोषित केला आहे. त्याची चर्चा मात्र बहुधा एकूण उत्पन्नाच्या आकड्यांभोवती फिरते. राष्ट्राची समृद्धी कशाने मोजावी, या प्रश्नाचे निराळे उत्तर दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात आहे. आपले अभ्यासक हे सुत्त यज्ञविरोधासाठी वारंवार पुढे करतात; त्यातील अर्थविचाराची मात्र उपेक्षाच झाली आहे.

राजा महाविजित महायज्ञ करू इच्छितो. पुरोहित त्याला सांगतो की, राज्यात लुटालूट माजली असता नवा कर बसविणे अनुचित होय, आणि वध-बंधनाने चोरी निर्मूल होणार नाही. शेती व पशुपालन करणाऱ्यांना बी-चारा, व्यापाऱ्यांना भांडवल, राजसेवकांना अन्न व वेतन द्यावे. राजा तसे करतो आणि त्याचा कोश वाढतो. पण सुत्त तेथे थांबत नाही. लोक घरांची दारे उघडी ठेवून राहू लागले, हेही ते नोंदविते. आमच्या मते सुत्ताचे मर्म या उघड्या दारात आहे. उद्याची भीती नाहीशी होणे, ही तेथे समृद्धीची खूण आहे.

कराडला लागून असलेल्या मलकापूरचे उदाहरण या संदर्भात मननीय आहे. 2008-09च्या सुमारास या लहान नगरात चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला. प्रत्येक नळाला मीटर आणि वापरानुसार चढत्या टप्प्यांचे दर. पाणी दिवसातून तासभर येते तेथे गृहिणी हंडे, कळश्या, पिंपे भरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी ताजे पाणी आले की ते ‘शिळे’ म्हणून ओतून देते. नळ अखंड वाहू लागला की या साठ्याला अर्थच उरत नाही. हाव पुष्कळदा अभावाच्या भयातून जन्मते. गरिबांना तण्हेवर प्रवचन देणाऱ्यांनी आधी त्यांचा नळ पाहावा.

परंतु सुत्ताचा आदर्श जसाच्या तसा आज स्वीकारता येणार नाही. तेथे राजा देतो आणि प्रजा घेते. महाडच्या चवदार तळ्यात पाण्याची उणीव नव्हती. 1924 साली नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला होता. तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. दानाचे हक्कात रूपांतर झाल्याखेरीज समृद्धी सर्वांची होत नाही. भौतिक साधनांची वाटणी लोकहितार्थ व्हावी, असे संविधानाचा अनुच्छेद 39 सांगतो, त्यामागे हाच अनुभव आहे.

काळही बदलला आहे. कृष्णाकाठी ऊस म्हणजे समृद्धी, हे समीकरण दोन पिढ्यांनी जपले. त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटाव पाण्यासाठी आभाळाकडे पाहत राहिले, आणि 2019 व 2021 साली कृष्णेच्या पुराने सांगलीकडचा सुपीक काठ बुडविला.

मीटरविषयीही एक शंका उरतेच. मीटर घर मोजतो, माणसे मोजीत नाही. एका नळावर तीन भाडेकरू कुटुंबे असतील, तर माणशी कमी पाणी वापरूनही त्यांना वरच्या टप्प्याचा दर पडू शकतो. चढते दर लावणाऱ्या प्रत्येक नगराने आपले दरपत्रक या दृष्टीने तपासावयास हवे.