नॉझल कुणी घडवले?

विज्ञानाला जात नसते, हे वाक्य आपल्या शाळांतून इतक्या वेळा म्हटले जाते की ते तपासून पाहण्याचे कुणाला सुचत नाही. न्यूटनचे नियम सर्वांना सारखेच लागू होतात, हे मान्य. पण त्या नियमांवर प्रयोग करून पाहण्याचे साधन, सवड आणि धाडस कुणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा नाही. तो समाजरचनेचा आहे. धर्म, इतिहास, साहित्य यांची चिकित्सा आपल्या चळवळीने केली. ‘प्रज्ञावंत विद्यार्थी’ ही कल्पना मात्र तिच्या हातून बरीचशी निसटली, आणि आज आपल्याच घरांतून ती भिंतीवरच्या प्रमाणपत्रासारखी टांगलेली दिसते.

या कल्पनेचे सर्वांत देखणे रूप म्हणजे शाळकरी मुलांची संशोधन-स्पर्धा. या स्पर्धेवरच्या दोन कलाकृती येथे विचारासाठी घेतल्या आहेत. होमर हिकम या अमेरिकन लेखकाचे ‘रॉकेट बॉईज’ हे आत्मकथन १९९८ साली आले आणि १९९९ साली त्यावर ‘ऑक्टोबर स्काय’ हा चित्रपट निघाला. दुसरी कलाकृती म्हणजे ‘सायन्स फेअर’ हा २०१८ चा माहितीपट. हिकमने १९६० साली इंडियानापोलिसला ज्या राष्ट्रीय विज्ञान मेळ्यात पदके मिळवली, तोच मेळा पुढे आंतरराष्ट्रीय झाला, आणि माहितीपटातली मुले २०१७ साली लॉस एंजेलिसला त्याच मेळ्यात उतरली. म्हणजे स्पर्धा एक, आणि तिची सत्तावन्न वर्षांच्या अंतराने काढलेली दोन चित्रे. त्यामुळे या दोन्ही कृती शेजारी ठेवून वाचता येतात.

हिकमचे गाव कोलवुड, पश्चिम व्हर्जिनियातले. गाव कोळशाच्या कंपनीचे. घरे कंपनीची, दुकान कंपनीचे. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि या गावातली काही पोरे अग्निबाण करायच्या मागे लागली. सुरुवातीला घरचे कुंपण उडाले. मग सोरा आणि साखर, पुढे जस्त, गंधक आणि चोरटी दारू असे इंधन ठरत गेले. अग्निबाणाच्या शेपटीला जे नॉझल लागते, त्याचा आकार गणिताने काढावा लागतो. त्यासाठी ही पोरे कलनशास्त्र शिकली. फ्रीडा जॉय रायली या शिक्षिकेने हिकमला अग्निबाणांवरचे पुस्तक मिळवून दिले आणि स्पर्धेत उतरायला लावले. ही बाई पुढे १९६९ साली ऐन तिशीत कर्करोगाने गेली. हे सारे हिकमने प्रामाणिकपणे लिहिले आहे. त्याची भाषा साधी आहे, बापाशी असलेले भांडण खरे आहे, आणि खाणीतल्या मरणाची भीती पानापानांत आहे. आपल्याकडची आत्मकथने वाचलेल्या वाचकाला हे गाव परके वाटणार नाही.

पण हिकम कुणाचा मुलगा होता? खाणीच्या सुपरिंटेंडेंटचा. या एका गोष्टीने सगळ्या कथेचा अर्थ बदलतो. अग्निबाण उडवायला जागा हवी होती. खाणीतला टाकाऊ माल जिथे टाकत ती कंपनीची जमीन मिळाली. पत्रा, नळ्या, पोलाद हवे होते. ते कंपनीच्या वर्कशॉपमधून आले. सुपरिंटेंडेंटचा या उद्योगाला विरोध होता, हे खरे. तरी बापाचा विरोध पत्करून वर्कशॉपच्या दारात उभे राहता येणे हाही एक अधिकारच आहे. फोरमनच्या हाताखालच्या मजुराचे पोर त्या दारात उभे राहिले असते, तर त्याला आत कुणी घेतले असते?

आणि नॉझल कुणी घडवले? गणित पोरांनी केले. पोलाद कापले लेथवरच्या कामगारांनी, कामाच्या वेळेतून वेळ चोरून. त्यांतला बायकोव्स्की हा पूर्व युरोपातून आलेला कामगार. पोरांना मदत केली म्हणून सुपरिंटेंडेंट त्याची वर्कशॉपमधून खाणीत बदली करतो, आणि पुढे तो खाणीतच मरतो. हिकमला या मरणाचा अपराध छळतो. पुस्तकातली ती पाने मला सर्वांत मोलाची वाटतात. तथापि तो या प्रसंगाकडे स्वतःच्या मनाच्या जखमेच्या बाजूने पाहतो. एका अग्निबाणासाठी शिक्षा दोघांना व्हायला हवी होती. साहेबाच्या मुलाला बोलणी बसली आणि कामगाराला खाण मिळाली, या हिशेबाकडे तो येत नाही.

चित्रपट तर आणखी पुढे जातो. त्यात लेथ चालवणारा बोल्डन हा काळा कामगार आहे. दुसऱ्या महायुद्धात तो टस्कीगीच्या काळ्या वैमानिकांच्या दलात होता, असा ओझरता उल्लेख येतो. त्या दलातला माणूस १९५७ साली खाणीच्या वर्कशॉपमध्ये काय करतो आहे, हे चित्रपट विचारत नाही. शेवटी इंडियानापोलिसला मांडलेले नॉझल चोरीला जाते. नवे करायचे तर गावात संप चालू. मग सुपरिंटेंडेंट कामगारांशी तडजोड करतो आणि बोल्डन लेथवर उभा राहतो. कामगारांच्या मागण्या अखेर मान्य होतात त्या एका मुलाच्या पदकासाठी! प्रेक्षकाचे डोळे पाणावतात. संप कशासाठी होता, हे बाहेर पडताना त्याला आठवत नाही. इतक्या जणांच्या मेहनतीतून झालेल्या कामाचा प्रतिनिधी म्हणून इंडियानापोलिसला एकच मुलगा जाऊ शकतो. पदक एकाच्या गळ्यात.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले होते की जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. विज्ञानाच्या क्षेत्रात या विभागणीचे रूप असे: विचार करणारा तो संशोधक आणि हाताने करणारा तो मदतनीस. आपल्याकडे तर हजारो वर्षे धातू वितळवणारे, कातडे कमावणारे, रंग उकळणारे हात एकीकडे आणि ग्रंथ दुसरीकडे राहिले. कातडे कमावणे ही रासायनिक प्रक्रिया आहे. ती ज्यांना येत होती त्यांना रसायनशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर बसवले गेले.

आता ‘सायन्स फेअर’कडे वळू. क्रिस्टिना कोस्टान्टिनी आणि डॅरेन फॉस्टर यांचा हा माहितीपट चटपटीत आहे. खेळांवरच्या चित्रपटांचा साचा त्यांनी उचलला आहे. धडधडणारी मुले, उलटी मोजणी, मंचावर पुकारले जाणारे नाव. या साच्याचा दोष असा की शेवटी कोण जिंकले एवढेच लक्षात राहते. (मोठे पारितोषिक, ७५,००० डॉलर, जर्मनीतल्या एका मुलाला त्याच्या शेपटीविना उडणाऱ्या विमानासाठी मिळाले.) परंतु दिग्दर्शकांच्या कॅमेऱ्याने त्यांच्या साच्यापेक्षा जास्त पाहिले आहे. न्यूयॉर्कजवळच्या जेरिको गावची शाळा दिसते. तिथे संशोधनासाठी स्वतंत्र शिक्षिका आहे आणि तिने घडवलेली मुलांची अख्खी तुकडी मेळ्याला जाते. साउथ डकोटातली मुस्लिम मुलगी दिसते. तिच्या शाळेला फुटबॉलपलीकडे काही दिसत नाही, आणि तिच्या संशोधनाची जबाबदारी घ्यायला पुढे येतो तो फुटबॉलचाच प्रशिक्षक. ब्राझीलच्या कोरड्या, गरीब प्रदेशातली दोन मुले झिका विषाणूवर काम करताना दिसतात. डकोटाची मुलगी आणि तिचा प्रशिक्षक यांची जोडी हा या माहितीपटाचा प्राण आहे. त्या माणसाला तिचा विषय ठाऊक नाही, पण सही करायला, सोबत जायला तो तयार आहे. एका मुलाला स्पर्धेत उतरायला कमीत कमी काय लागते, याचे यापेक्षा नेमके उत्तर मी पाहिलेले नाही.

कारण प्रवेशाचा खरा उंबरठा कुतूहलाचा नसतो, कागदांचा असतो. या मेळ्याच्या नियमांप्रमाणे नववी ते बारावीच्या मुलाला प्रयोगाआधी संशोधन-आराखडा द्यावा लागतो. एका प्रौढ माणसाने जबाबदारी घेऊन सही करावी लागते. प्रयोगात माणसे, प्राणी किंवा रोगजंतू असतील तर समितीची पूर्वपरवानगी आणि बहुधा पात्र शास्त्रज्ञाची देखरेख लागते. हे नियम चुकीचे नाहीत. माणसांवर वाटेल ते प्रयोग करू नयेत, हे आपण तरी सांगायला नको. पण ज्याच्या घरी, नात्यात, शेजारात एकही शास्त्रज्ञ नाही, त्याने त्या रकान्यात कुणाचे नाव लिहायचे?

आपल्याकडे या प्रश्नाचे काय झाले ते पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने १९६३ साली विज्ञान प्रज्ञा शोध योजना दिल्लीत सुरू केली, अवघ्या १० शिष्यवृत्त्यांनी. १९६४ मध्ये ती देशभर झाली आणि शिष्यवृत्त्या ३५० झाल्या. लेखी परीक्षेबरोबर विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल द्यायचा आणि मुलाखतीला सामोरे जायचे, अशी तिची रीत होती. म्हणजे अमेरिकन स्पर्धेच्या जवळ जाणारी. १९७६ साली योजना बदलली. सामाजिक शास्त्रे, वैद्यक, अभियांत्रिकी तिच्यात आली, प्रकल्प गेला आणि पर्यायी उत्तरांच्या चाचण्या आल्या. १९८१ साली शिष्यवृत्त्या ५०० वरून ५५० झाल्या, आणि वाढलेल्या ५० अनुसूचित जाती-जमातींसाठी राखून ठेवल्या गेल्या. या तारखा नीट पाहाव्यात. प्रकल्प होता तेव्हा आपल्यासाठी जागा राखलेली नव्हती. जागा आली तेव्हा प्रकल्प गेला होता. आपल्याला दार मिळाले ते परीक्षेचे. वर्कशॉपचे दार तोवर सर्वांसाठीच बंद झाले होते, आणि ज्यांच्या घरी वर्कशॉप होते त्यांचे काही अडले नाही. या योजनेला मार्च २०२१ पर्यंतच मंजुरी होती. पुढे ती खोळंबली.

महाराष्ट्रात बृहन्मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी १९८१ साली सुरू केलेली होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी आहे. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि कृती-संशोधनाचा प्रकल्पही असतो, ही चांगली गोष्ट. पण तिचेही शिकवणीवर्ग निघाले आहेत. शिकवणीवर्गात प्रश्न विकत मिळत नाही, उत्तर मिळते.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो: ‘हे तुला कुणी करून दिले?’ तो सर्वांना विचारला जात नाही. शहरातल्या नामांकित शाळेचा मुलगा एखाद्या संस्थेतल्या ओळखीच्या शास्त्रज्ञाचे आभार मानतो, तेव्हा परीक्षक मान डोलावतात; त्याला मार्गदर्शन म्हणतात. वस्तीतल्या मुलीने मोटार वाइंडिंग करणाऱ्या बापाच्या मदतीने पाण्याचा पंप जोडला, तर ती फसवणूक ठरते. एका प्रदर्शनात अशा मुलीला माझ्यासमोर तीनदा हा प्रश्न विचारला गेला. तिसऱ्या वेळी तिने सांगितले, ‘बाबांनी शिकवले, मी केले.’ परीक्षकाने गुणपत्रिकेवर काय लिहिले ते मला दिसले नाही; बक्षीस तिला मिळाले नाही. बाप शास्त्रज्ञ असता तर हेच वाक्य वारशाचे झाले असते.

दुसराही एक सापळा आहे, आणि तो आपल्या हितचिंतकांनी लावलेला आहे. आपल्या मुलांनी प्रकल्प करायचा तो गटारावर, संडासावर, वीटभट्टीवर. त्यांच्या ‘जगण्यातला’ विषय म्हणून. गटारातल्या वायूंनी माणसे मरतात. त्याचा अभ्यास झालाच पाहिजे, आणि तो आपल्या मुलांनी केला तर अधिक नेमका होईल. पण दुसऱ्यांच्या मुलांनी कृष्णविवरे पाहायची आणि आमच्या मुलांनी सदैव मैलाच मोजायचा, ही नवी वाटणी आम्हांला मान्य नाही. दलित लेखकाने फक्त वेदनाच लिहावी, या अपेक्षेचेच हे विज्ञानातले भावंड आहे.

मेघनाद साहा हे नाव येथे घेतले पाहिजे. ढाक्याजवळच्या खेड्यात १८९३ साली जन्मलेला, खालच्या मानलेल्या जातीतला हा मुलगा कलकत्त्याच्या वसतिगृहात इतरांच्या पंक्तीला चालत नव्हता. त्याने १९२० साली ताऱ्यांच्या वातावरणातील मूलद्रव्यांच्या आयनीभवनाचे समीकरण दिले. ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान वाचण्याची किल्ली जगाला त्यातून मिळाली. त्याआधी त्याचा एक दीर्घ निबंध अमेरिकेतल्या खगोलभौतिकीच्या नियतकालिकाकडे गेला होता. छपाईच्या खर्चाचा वाटा लेखकाने उचलावा, असे तिकडून कळले; साहाजवळ पैसे नव्हते, आणि निबंध तिथे पुरा छापला गेला नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला गेलेल्या रोहित वेमुलाने अखेरच्या पत्रात कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायची इच्छा लिहून ठेवली होती. दोघांचीही नजर आकाशाकडे होती. त्यांना गटाराकडे पाहायला सांगणारे त्यांच्याभोवती कमी नव्हते.

हिकमचे पुस्तक आपल्या अभ्यासमंडळांतून वाचले जावे, असे मला वाटते. वाचताना बायकोव्स्कीच्या बदलीचा भाग आधी वाचावा आणि पदकाचा नंतर. चित्रपट दाखवायचा असेल तर शिक्षकांनी मुलांना आधी वह्या काढायला लावाव्यात, आणि प्रत्येक अग्निबाणाच्या वेळी त्याचे लोखंड कुठून आले, ते कुणी कापले आणि त्या माणसाचे पुढे काय झाले, हे तीन रकाने भरायला सांगावे. मग मुलांना त्यांच्या गल्लीतले लेथवाले, वेल्डर, वाइंडिंगवाले कोण आहेत ते विचारावे. प्रकल्पाच्या अर्जातला मार्गदर्शकाचा रकाना तिथून भरायला सुरुवात करता येईल.