खाण तशी माती? टिटचा स्वभाव आणि जनुकांवरच्या खुणा

भोर-वेल्ह्याच्या डोंगरझाडीत फिरणाऱ्यांना काळ्या डोक्याचा, पांढऱ्या गालाचा राखी टिट ओळखीचा आहे. समजा, त्यातला एक जण नवी वस्तू दिसली की लगेच टोच मारतो, दुसरा लांबूनच बघत बसतो. हा फरक पुन्हापुन्हा टिकून दिसला, तर शास्त्रज्ञ त्याला 'व्यक्तिमत्त्व' म्हणतात. ते येतं कुठून?

याचा नेटका अभ्यास झाला तो आपल्या टिटच्या युरोपातल्या भाऊबंदावर, ग्रेट टिटवर. नेदरलँड्समध्ये पाच कृत्रिम झाडं असलेल्या खोलीत पक्षी सोडतात आणि तो किती झपाट्याने फिरतो ते मोजतात. चार पिढ्या धीटाला धीट, सावधाला सावध अशा जोड्या लावल्या. २०१६ च्या शोधनिबंधात या दोन वाणांत 'डीआरडी४' या जनुकावरचं मिथिलेशन वेगळं निघालं. हे जनुक मेंदूतल्या डोपामाइनच्या ग्राहकाचं. मिथिलेशन म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता त्यांवर बसलेल्या रासायनिक खुणा.

निष्कर्ष मोलाचा आहे. पण "एपिजेनेटिक्स स्वभाव घडवतं" असं त्यावरून सरसकट सांगितलं जातं, तिथे आम्ही थांबतो. निवड करून जोड्या लावल्या की डीएनएची अक्षरंही बदलत जातात, आणि खुणा कुठे बसायच्या हे बऱ्याचदा ती अक्षरंच ठरवतात. मग कारण कोणतं, खूण की अक्षर? खुणांमधला फरक पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकला हे अजून उलगडायचंय, असं खुद्द संशोधकांनीच लिहिलंय.

दुसरं असं. याच जनुकाच्या अक्षरांमधला एक फरक आणि स्वभाव यांचं नातं २०१० मध्ये चार रानटी समूहांत तपासलं, आणि ते एकाच समूहात सापडलं. युरोपातल्या युरोपात जे सगळीकडे लागू होत नाही, ते वेल्ह्याच्या टिटला कसं चिकटवायचं? त्यासाठी इथल्याच घरट्यांतली अंडी आपसात बदलून, पिल्लं परक्या आईबापांकडे वाढवून बघावी लागतील.

एवढी चिकित्सा कशाला? कारण पक्ष्यांवरून गोष्ट माणसांवर यायला वेळ लागत नाही. 'खाण तशी माती' म्हणत आपण पोराचा स्वभाव त्याच्या घराण्यावर ढकलतोच. आता त्याला 'पूर्वजांच्या खुणा' हे नवं नाव मिळेल. टिटनं तसली ग्वाही दिलेली नाही, एवढंच आमचं म्हणणं.

बोला, आता प्रश्न घेऊया.