‘आमची सिस्टीम चांगली आहे’ हे सांगतंय कोण?

फार्मा कंपनीची अंतर्गत व्यवस्था आणि तिची व्यावसायिक कामगिरी यांचा संबंध हा पीएचडीसाठी चांगला विषय आहे. त्याची एक मळलेली वाटही आहे. मॅकिन्झीचं 7-एस मॉडेल घ्यायचं, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी प्रश्नावली काढायची, मॅनेजर लोकांकडून भरून घ्यायची आणि रिग्रेशन लावायचं. माझा आक्षेप विषयावर नाही, या वाटेवर आहे.

मॉडेलमध्ये खोट नाही. वॉटरमन, पीटर्स आणि फिलिप्स यांनी 1980 मध्ये सांगितलं की फक्त पदांचा तक्ता म्हणजे संघटना नव्हे. धोरण, कार्यपद्धती, माणसं, कौशल्यं, मूल्यं हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. अडचण मोजमापात आहे. ‘आमच्या कार्यपद्धती स्पष्ट आहेत’ आणि ‘आमची कामगिरी उत्तम आहे’ ही दोन्ही उत्तरं एकच माणूस एकाच वेळी देतो. मग त्यांच्यात संबंध दिसणारच! याला कॉमन मेथड बायस म्हणतात.

आता वोक्हार्टचा वाळूजचा कारखाना बघा. मे 2013 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिथल्या औषधांवर इम्पोर्ट अलर्ट लावला. वर्षाला सुमारे 10 कोटी डॉलरच्या विक्रीवर परिणाम होईल, असा अंदाज कंपनीनेच दिला. जुलैमधल्या वॉर्निंग लेटरमध्ये काय होतं? तपासनिसांना कचऱ्यात फाडलेल्या अनधिकृत नोंदी सापडल्या होत्या, आणि त्या अधिकृत रेकॉर्डशी जुळत नव्हत्या.

म्हणजे व्यवस्था दोन होत्या: एक दाखवायची, एक चालवायची. तुमची प्रश्नावली यातली कोणती मोजते? बहुतेक वेळा पहिलीच. आणि पैशाचा फटका बसला तो दुसरीमुळे.

मग करायचं काय?

1. व्यवस्थेची माहिती आणि कामगिरीची माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या. एफडीएची वॉर्निंग लेटर्स आणि कंपन्यांचे वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येतात.
2. काळाचं अंतर ठेवा. आजच्या ढिलाईचा परिणाम ताळेबंदात उशिरा दिसतो.
3. फक्त पकडल्या गेलेल्या कंपन्या निवडू नका. तुलनेला स्वच्छ रेकॉर्डच्या कंपन्याही हव्यात. एका वाळूजवरून नियम सिद्ध होत नाही, माझ्या या लेखानेही नाही.

शेवटचा मुद्दा, ‘कामगिरी’ या शब्दाचा. आपल्या पेठ तालुक्यातल्या पाड्यावरचा माणूस गोळी घेतो तेव्हा ती तपासायचं कोणतंही साधन त्याच्याकडे नसतं. बॅचची नोंद खरी असेल, एवढ्याच भरवशावर तो ती गिळतो. नफा वाढला पण ती नोंद खोटी निघाली, तर त्याला चांगली कामगिरी म्हणायचं का? प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात व्याख्या लिहिताना हे आधी ठरवा. सॉफ्टवेअर नंतर उघडा.