खेळातील आज्ञा आणि हाताचा संयम

शालापूर्व वयातील मूल आपल्या हालचालींना कितपत आवर घालू शकते, हे मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञांनी खेळाचा आश्रय घेतला, हे योग्यच झाले. चार वर्षांच्या मुलापुढे प्रश्नावली ठेवता येत नाही. खेळात मात्र ते आपण होऊन नियम पाळू लागते. तथापि हे नियम बहुधा शब्दांनीच सांगावे लागतात. तेव्हा पदरात पडलेला गुण हाताच्या संयमाचा किती आणि वाक्याच्या आकलनाचा किती, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

या संदर्भात ए. आर. लुरिया यांचे प्रयोग मननीय आहेत. 1961 साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांचे विवेचन आहे. दिवा लागताच हातातील रबरी फुगा दोनदा दाबावयाचा, असा खेळ होता. ‘मी दोनदा दाबीन’ असे म्हणताना लहान मुले तो एकदाच, परंतु लांबवून दाबीत; ‘एक! दोन!’ म्हणताना मात्र दोन स्वतंत्र दाब पडत. म्हणजे या वयात वाक्याच्या अर्थाआधी त्याचा उच्चारच हाताला हलवितो.

क्लेअर पॉनिट्झ, मेगन मॅक्लेलंड प्रभृती अमेरिकन संशोधकांनी 2009 साली मांडलेली ‘डोके, पायाची बोटे, गुडघे, खांदे’ ही कसोटी याच दृष्टीने पाहावी. डोक्याला हात लावण्यास सांगितले की मुलाने पायाच्या बोटांना हात लावावयाचा. अचूक कृतीस 2 गुण, चुकीच्या दिशेने हलून स्वतःच सावरल्यास 1, चुकल्यास 0. कसोटीस साहित्य लागत नाही, आधी सरावही दिला जातो, हे तिचे गुण निःसंशय होत. सुरू झालेली हालचाल परतविण्याला तिने स्वतंत्र मोल दिले, हे तिचे मर्म.

परंतु ती मराठीत आणताना केवळ भाषांतर पुरणार नाही. इंग्रजी आज्ञेत अवयवाचे नाव शेवटी येते. ‘डोक्याला हात लाव’ यात ते प्रारंभीच येते. मोहात पाडणारा शब्द आधी आणि आज्ञेची पूर्तता मागाहून! या अवकाशात एखादे मूल उतावीळपणे हात उचलील, तर दुसऱ्यास विचाराला उसंत मिळेल. 1 आणि 2 या गुणांतील सीमारेषा अशा रीतीने वाक्यरचनेमुळेही सरकू शकते. मग दोन भाषांतील मुलांच्या गुणांची सरळ तुलना कशी करावी?

आपला ‘चिमणी भुर्र, म्हैस भुर्र’ हा खेळ येथे उद्बोधक वाटतो. त्यात नियम वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही. परिचित शब्दाचा अर्थ हाच नियम. म्हशीच्या नावाला बोट वर गेले, तर दोष बहुधा संयमाचाच.

म्हणून दोन गोष्टी आवश्यक वाटतात. उलट आज्ञांपूर्वी सरळ आज्ञांची फेरी घेऊन तिचे गुण निराळे नोंदवावेत; आणि हात कोणत्या शब्दावर हलला, हेही टिपावे. एवढे न केल्यास, घरी अहिराणी वा गोंडी बोलणारे आणि प्रमाण मराठीतील आज्ञेशी अडखळणारे मूल असंयमी ठरेल. हा दोष मुलाचा नसून मापाचा होय.